बाहेरचा तज्ज्ञ निघून गेल्यावर कारखान्यात काय उरते?

टूलरूम (धागाकर्ता)

कारखान्यात एखादे नवे उत्पादन आले किंवा जुनेच उत्पादन नव्या पद्धतीने होऊ लागले, की त्याचे श्रेय नव्या यंत्राला किंवा व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीला दिले जाते. त्या बदलात बाहेरून विकत घेतलेल्या ज्ञानाचा वाटा किती होता, याची चर्चा क्वचितच होते. बाहेरचे ज्ञान म्हणजे मला येथे अभियांत्रिकी सल्ला, संगणकावरील सिम्युलेशन, चाचणी प्रयोगशाळा, औद्योगिक डिझाइन, सॉफ्टवेअर, पेटंटविषयक सेवा आणि व्यवस्थापन सल्ला एवढेच अभिप्रेत आहे. कँटीन, सुरक्षा आणि वाहतूकही बाहेरूनच घेतली जाते, पण ती या धाग्यात नको.

मी डायकास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून नग बनवण्याच्या कामात, बरीच वर्षे काढली आहेत. ॲल्युमिनियमच्या एका पंपाच्या आवरणात आमच्याकडे लीक टेस्टला सतत रिजेक्शन येत असे. साचा दोनदा दुरुस्त केला, धातूचे तापमान बदलून पाहिले, शॉटचा, म्हणजे धातू साच्यात मारण्याचा, वेग वाढवला, मग कमी केला. फरक पडलाच तर तो आठवडाभर टिके आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी सिम्युलेशन करणाऱ्या बाहेरच्या एका अभियंत्यांना बोलावले. त्यांनी पहिल्या दिवशी संगणक उघडलाच नाही. नापास झालेले दहा-बारा नग मागवले, ते गळतीच्या जागी कापायला लावले आणि कापलेला भाग घासून भिंगाखाली धरला. छिद्रे गोल आणि आतून गुळगुळीत असतील, तर वायू अडकला आहे. वेडीवाकडी आणि खरबरीत असतील, तर धातू थिजताना आकसला आहे, हा साधा भेद त्यांनी आमच्या सुपरवायझरना दाखवला. आमच्या नगांत दोन्ही प्रकारची छिद्रे होती आणि आम्ही दोन आजारांवर एकच औषध देत होतो. पहिल्याचा उपाय व्हेंट (साच्यातली हवा बाहेर जाण्याच्या फटी), ओव्हरफ्लो (जादा धातू सामावणारे कप्पे) आणि साच्यावर फवारल्या जाणाऱ्या वंगणाच्या प्रमाणात होता. दुसऱ्याचा जाड भाग थंड करण्यात आणि शॉटच्या शेवटी द्यायच्या दाबात होता. फवारणी जास्त होते आहे, असे रात्रपाळीचा ऑपरेटर कितीतरी दिवस सांगत होता, हेही त्याच दिवशी उघड झाले.

सिम्युलेशन त्यानंतर झाले, गेटची, म्हणजे धातू साच्यात शिरण्याच्या तोंडाची, जागा बदलली, रिजेक्शन उतरले आणि अहवाल कपाटात गेला. वर्षभराने दुसऱ्या नगाचा साचा आम्ही स्वतः आखला आणि त्यात नेमकी तीच चूक केली. पुन्हा त्याच अभियंत्यांना फोन. पहिल्या वेळी आम्ही उत्तर विकत घेतले होते. ते उत्तर कसे काढायचे, ही विद्या आमच्याकडे आलीच नव्हती.

तेव्हापासून प्रश्न पडला आहे, की अशा सेवांमुळे कारखान्याची नवे काही करण्याची ताकद वाढते की परावलंबन वाढते? अभ्यासातून किंवा अनुभवातून जे ठामपणे सांगता येईल, ते वाचायला आवडेल.

---

संख्याशोधक

तुम्ही वर्णन केलेल्या सेवांना अभ्यासक ‘ज्ञानप्रधान व्यवसायसेवा’ म्हणतात. इयन माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये युरोपीय आयोगासाठी केलेल्या अहवालानंतर ही संज्ञा रूढ झाली. त्यात दोन गट पाडले जातात. कायदा, लेखापरीक्षण, व्यवस्थापन सल्ला हा जुन्या व्यावसायिक सेवांचा एक गट, आणि सॉफ्टवेअर, अभियांत्रिकी, चाचणी यांसारख्या तंत्रज्ञानाशी थेट बांधलेल्या सेवांचा दुसरा. या सेवा ग्राहक कंपनीत तीन प्रकारे काम करतात, अशीही मांडणी पुढे झाली: कधी त्या नव्या कल्पनेचा उगम असतात, कधी दुसरीकडचे ज्ञान वाहून आणतात, तर कधी ग्राहकाने स्वतः चालवलेल्या कामाला केवळ हातभार लावतात. तुमच्या अभियंत्यांनी यांतले दुसरे काम केले. छिद्रांचा तो भेद त्यांनी शोधलेला नव्हता. अनेक कारखान्यांत नग कापून त्यांचा हात त्यावर बसला होता.

तुमच्या मूळ प्रश्नावर मला सर्वांत उपयोगी वाटलेले काम डेव्हिड मॉवरी या अर्थशास्त्रज्ञाचे आहे. १९०० ते १९४० या काळातील अमेरिकी उत्पादक कंपन्या आणि त्यांना कंत्राटी संशोधन करून देणाऱ्या संस्था, म्हणजे आर्थर डी. लिटल, मेलन इन्स्टिट्यूट आणि बॅटेल, यांच्या व्यवहारांचा त्यांनी अभ्यास केला. बाहेर संशोधन विकत मिळते म्हटल्यावर स्वतःची प्रयोगशाळा नसलेल्या कंपन्यांनी त्याचा सर्वाधिक लाभ उठवला असेल, अशी आपली अटकळ असते. घडले ते वेगळेच. ज्यांच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नव्हती, त्यांनी या संस्थांकडून मुख्यतः साधी, ठरावीक स्वरूपाची कामे करून घेतली. अवघड आणि अनिश्चित प्रकल्प बाहेर सोपवण्याचे काम प्रयोगशाळा बाळगणाऱ्यांना जमले. बाहेरचे संशोधन घरच्या संशोधनाची जागा घेत नव्हते. घरी काही असेल तरच त्याला जोड मिळत होती.

कारण समजायला कठीण नाही. प्रश्न नीट मांडता येणे, आलेल्या प्रस्तावांतून योग्य तो निवडणे आणि हाती आलेला निष्कर्ष आपल्या यंत्रांवर, आपल्या कच्च्या मालावर उतरवणे या तिन्ही गोष्टी घरच्याच माणसांना कराव्या लागतात. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल यांनी १९९० मध्ये याच गोष्टीला ‘आत्मसात करण्याची क्षमता’ असे नाव दिले. कंपनी स्वतः संशोधनावर खर्च करते तेव्हा नवे ज्ञान तर मिळतेच, शिवाय इतरांचे ज्ञान ओळखून ते वापरात आणण्याची ताकदही वाढते, असे त्यांचे म्हणणे आहे.

---

तिरकस

सर्व काही मान्य करूनही एक शंका मांडतो. टूलरूम यांच्या कथेतील रात्रपाळीचा ऑपरेटर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फवारणी जास्त होते हे त्याला ठाऊक होते, तो बोलतही होता, आणि कोणी ऐकत नव्हते. तेच वाक्य बाहेरच्या माणसाने बिल लावून उच्चारले तेव्हा ते तांत्रिक निदान ठरले. पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय? सल्लागारांच्या कामाचा बराचसा भाग आतल्या लोकांकडून ऐकलेले नीटनेटक्या स्लाइडवर मांडून आतल्याच वरिष्ठांना विकणे एवढाच असतो, असे मी तीन कंपन्यांत पाहिले आहे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याला नवोन्मेष म्हणायचे असेल, तर माझी हरकत नाही. परंतु मग ऑपरेटरचे नाव अहवालात कुठेतरी यायला हवे.

दुसरे असे, की हा सल्लागार उद्या प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यातही जाणार आहे. सगळ्यांना एकच उपाय मिळाला, तर कोणाचीच आघाडी राहत नाही.

---

लेथवाला

तिरकस, ऐकून घेणे हीदेखील सेवाच आहे, आणि ती आतल्या माणसाला कित्येकदा देता येत नाही, कारण आतल्या माणसाला बढती, हेवेदावे आणि ‘आपल्याकडे हे असेच चालते’ या वाक्यासह जगायचे असते.

बाहेरच्या माणसाला आणखी एक गोष्ट करता येते: आतल्यांना वेडेपणा वाटेल अशी चाचणी घेणे. फ्रेडरिक टेलर १८९८ मध्ये अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कंपनीत सल्लागार म्हणून आले, ते मुळात मशीन शॉपमधील तुंबलेले काम मोकळे करण्यासाठी. मॉन्सेल व्हाइट या धातुतज्ज्ञाच्या साथीने त्यांनी कर्तन-हत्यारांच्या पोलादावर पद्धतशीर प्रयोग केले. ठरावीक तापमानापलीकडे तापवले की हत्यार वाया जाते, ही लोहारकामातली पक्की समजूत होती, आणि काही मर्यादेपर्यंत ती खरीही होती. त्यांनी ती मर्यादा ओलांडून, विशिष्ट मिश्रधातूचे पोलाद वितळण्याच्या जवळपास नेले, तेव्हा हत्यार लालबुंद होईपर्यंत कापत राहिले तरी धार टिकते असे दिसले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते हत्यार चालवून दाखवले गेले. हायस्पीड स्टीलचा प्रसार तिथून झाला, आणि जगभरच्या लेथना नव्या वेगासाठी अधिक दणकट बांधणी करून घ्यावी लागली.

तथापि हे प्रयोग बेथलेहेमच्या भट्ट्यांवर, तिथल्याच धातुतज्ज्ञाबरोबर झाले. एकटे टेलर वही घेऊन आले असते, तर वहीच भरली असती. टेलर यांचे तिथल्या व्यवस्थापनाशी बिनसले आणि १९०१ मध्ये त्यांना जावे लागले, हाही या कथेचा भागच आहे.

---

प्रत

या धाग्याला एक उदाहरण अगदी बांधून घेतल्यासारखे बसते, आणि आपण ज्याला सर्रास ‘झेरॉक्स’ म्हणतो तेच ते आहे.

चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या पद्धतीने पहिली प्रतिमा उमटवली. त्यानंतर वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. १९४४ मध्ये बॅटेल या कंत्राटी संशोधन संस्थेने करार केला, आणि कल्पनेचे तंत्रज्ञान तिथे झाले. कार्लसन यांनी गंधक वापरले होते. बॅटेलच्या संशोधकांनी सेलेनियमचा थर आणला, जो प्रकाशाला कितीतरी अधिक संवेदनशील होता, आणि प्रतिमा उमटवणाऱ्या कोरड्या पुडीवरही काम केले. म्हणजे हे यंत्र पुढे ज्या कंपनीने बनवले, तिच्या भिंतींबाहेरच त्याचा गाभा तयार झाला.

ती कंपनी होती हॅलॉइड, फोटोचे कागद बनवणारी; हीच पुढे झेरॉक्स झाली. तिचे संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर यांनी एका तांत्रिक सारांश-पत्रिकेत या पद्धतीविषयी चार ओळी वाचल्या आणि पाठपुरावा केला. परवाना १९४७ मध्ये झाला. त्या चार ओळी इतरांनीही वाचल्या असतीलच. त्यांत आपल्या कामाचे काय आहे हे कळणारा माणूस हॅलॉइडमध्ये पगारावर होता. संख्याशोधक म्हणतात ती आत्मसात करण्याची क्षमता प्रत्यक्षात अशी एका खुर्चीवर बसलेली असते.

मला अधिक रस आहे तो पुढच्या भागात. ९१४ हे प्रती काढणारे यंत्र बाजारात आणण्यापूर्वी हॅलॉइडने मोठ्या कंपन्यांकडे भागीदारीसाठी विचारणा केली. त्यांत आयबीएम होती. आयबीएमने बाजाराचा अंदाज आर्थर डी. लिटलकडून घेतला, आणि कार्यालयीन प्रतींच्या बाजारात या यंत्राला भवितव्य नाही असा निष्कर्ष आला. हे सल्लागार काही अडाणी नव्हते; याच संस्थेने १९११ मध्ये जनरल मोटर्सला प्रयोगशाळा उभारून दिली होती. त्यांनी यंत्राची तुलना त्या वेळच्या स्वस्त कॉपी-यंत्रांशी केली, आणि एवढे महाग यंत्र कोण विकत घेणार असा हिशेब मांडला. हिशेब चुकला नव्हता, प्रश्न चुकला होता. हॅलॉइडने १९५९ मध्ये ते यंत्र महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. पहिल्या २,००० प्रती त्यातच, आणि त्यापुढे प्रतीमागे ४ सेंट. एकदा यंत्र दारात आल्यावर लोक किती प्रती काढतील, याचा जुना कोणताच आकडा उपलब्ध नव्हता.

एकाच यंत्राच्या बाबतीत बाहेरच्या एका संस्थेने तंत्रज्ञान घडवले आणि दुसरीने ते मोडीत काढले. माझा निष्कर्ष असा, की जिथे प्रयोग करून खरेखोटे ठरवता येते तिथे बाहेरच्या तज्ज्ञावर विसंबणे तुलनेने सुरक्षित आहे. जे अजून अस्तित्वातच नाही त्याच्या मागणीविषयी त्याचे मत घेतले, तर तो प्रामाणिकपणे कालचाच बाजार मोजून देणार.

---

पाळीप्रमुख

मोठमोठी उदाहरणे ठीक आहेत. सामान्य कारखान्यांचे काय? तेथे कोणी सेलेनियम शोधत नसतो. यंत्र बंद का पडले याची नोंद ठेवणे, सुट्या भागांच्या कपाटाला चिठ्ठ्या लावणे, एवढ्यावर सल्लागार फी घेतात. त्याला नवोन्मेष म्हणता येईल काय?

---

संख्याशोधक

म्हणता येईल, आणि ही निव्वळ शब्दांची ओढाताण नाही. नवोन्मेष कसा मोजावा याची आंतरराष्ट्रीय नियमावली, ऑस्लो मॅन्युअल, १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत नवे उत्पादन आणि नवी उत्पादनप्रक्रिया यांच्याच भोवती होती. २००५ च्या आवृत्तीपासून कामाच्या रचनेतील बदलही त्यात धरले जातात. अट एवढीच, की बदल त्या कंपनीसाठी नवा आणि लक्षणीय असावा.

सामान्य कारखान्यांवर झालेला एक नीट प्रयोगही आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी भारतातील १७ कंपन्यांच्या २८ कापड कारखान्यांत तो केला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात सल्लागारांनी महिनाभर फक्त निदान केले. दुसऱ्या गटात निदानानंतर चार महिने प्रत्यक्ष अंमलबजावणीला मदत केली. तपासलेल्या ३८ पद्धती अगदी तुम्ही म्हणता तशाच होत्या: दोषांची नोंद, यंत्रांची वेळेवर देखभाल, साठ्याचा हिशेब, कामाची जबाबदारी. मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. एवढा फायदा होता, तर मालकांनी हे आधीच का केले नाही? अनेकांना या पद्धती ठाऊक नव्हत्या, आणि ज्यांना ठाऊक होत्या त्यांना त्या आपल्या धंद्यात लागू पडतील असे वाटत नव्हते.

टूलरूम यांच्या प्रश्नाचे थेट उत्तर त्याच संशोधकांच्या दुसऱ्या भेटीत आहे. सुमारे नऊ वर्षांनी ते परत गेले, तेव्हा मूळ कारखान्यांनी स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलले आणि संचालकांना वेळ नव्हता, ही त्यामागची नेहमीची कारणे. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते पुढेच होते, आणि कित्येक पद्धती त्याच कंपन्यांच्या अशा कारखान्यांत पोहोचल्या होत्या जिथे सल्लागारांनी पाऊलही ठेवले नव्हते. त्या पद्धती तिथवर नेणारी माणसे अर्थातच आतली होती.

---

चिठ्ठीबहाद्दर

अनुदानाविषयी थोडक्यात भर घालतो, कारण लहान उद्योगांबाबत चर्चा शेवटी ‘सरकारने मदत करावी’ येथे येतेच. नेदरलँड्समध्ये २००४ साली लहान कंपन्यांना ज्ञानसंस्थांकडून काम करून घेण्यासाठी ७,५०० युरोपर्यंतची व्हाउचर देण्यात आली. १०० व्हाउचरसाठी हजारावर अर्ज आले म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्यामुळे अभ्यासकांना तुलनेसाठी आयताच दुसरा गट मिळाला. दहापैकी आठ व्हाउचरमधून अशी कामे झाली, जी एरवी झालीच नसती.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरात २००९-१० मध्ये असाच प्रयोग डिझाइन, जाहिरात, संगणकीय माध्यमे अशा सर्जनशील सेवांसाठी झाला. सहा महिन्यांनी व्हाउचर मिळालेल्या कंपन्या नवी उत्पादने आणण्यात पुढे दिसल्या. वर्षभराने दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक उरला नव्हता. पहिली भेट घडवून आणणे अनुदानाला जमते. दुसऱ्यांदा त्या माणसाला स्वतःच्या खिशातून बोलवावे असे कंपनीला वाटले पाहिजे, आणि ते व्हाउचरवर छापता येत नाही.

---

करारनामा

मी तांत्रिक सेवांचे करार तपासतो. तिरकस यांची प्रतिस्पर्ध्याविषयीची शंका रास्त आहे, पण तिच्यावर गोपनीयतेचे कडक कलम हा पूर्ण उपाय नव्हे. तज्ज्ञाने दहा कारखाने पाहिलेले असतात म्हणूनच आपण त्याला बोलावतो. त्याने अकराव्या ठिकाणी काहीच नेऊ नये असा आग्रह धरला, तर आपल्याकडे तो काय घेऊन आला असता? आपले ड्रॉइंग, आपले आकडे आणि ग्राहकांची नावे बाहेर जाऊ नयेत. त्याची सर्वसाधारण समज मात्र त्याचीच राहील, ही रेघ करारात स्पष्ट ओढावी. कामातून पेटंटयोग्य काही निघाले तर ते कोणाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहावे. नंतर लिहायला बसले की दोन्ही बाजूंची स्मरणशक्ती एकाएकी तल्लख होते.

टूलरूम, तुमच्यासारख्या प्रकरणांत मला नेहमी एक त्रुटी दिसते. करारात ‘अहवाल सादर करणे’ एवढेच काम लिहिलेले असते. अहवालात रंगीत चित्रे येतात, पण सिम्युलेशनच्या मूळ फाइली, गृहीत धरलेली मूल्ये, चाचणीचे कच्चे आकडे आणि फसलेले पर्याय येत नाहीत, कारण ते कोणी मागितलेलेच नसते. हे सर्व मागावे. शिवाय कामाच्या काळात आपला एक अभियंता त्यांच्याशेजारी बसेल, हे कलम घालावे आणि त्या अभियंत्याला तेवढे दिवस रोजच्या कामातून खरोखर मोकळे करावे. कलम बहुतेक कंपन्या मान्य करतात. मोकळे करण्याचे राहून जाते.

---

टूलरूम (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. तिरकस, ऑपरेटरचे नाव अहवालात नव्हते, हे खरे आहे. दुसऱ्या साच्याच्या वेळी आम्ही त्यांना पहिल्या बैठकीपासून बसवले होते, आणि एक तरुण अभियंता आठवडाभर सिम्युलेशन करणाऱ्यांकडे पाठवला होता. तो आता गेटची आखणी स्वतः करतो. अडले तर फोन करतो, पण त्याचे प्रश्न आता नेमके असतात, आणि समोरचे अभियंतेही त्याच्याकडून आमच्या यंत्रांविषयी चार गोष्टी विचारून घेतात.

करारनामा यांचा प्रतिसाद वाचून काल कपाटातला जुना अहवाल काढला. मूळ फाइली नाहीत, पण शेवटच्या पानावर गृहीत मूल्यांचा एक छोटा तक्ता आहे, ज्याकडे तेव्हा आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. त्यात साच्याच्या पृष्ठभागाचे तापमान संपूर्ण उत्पादनकाळात एकच धरले आहे. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीनंतर पहिले पंधरा-वीस शॉट साचा थंडच असतो, आणि ते नग आम्ही आजवर चांगल्या नगांबरोबरच पुढे पाठवत आलो आहोत. सोमवारी साच्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून मोजायला घेतो. आकडे आले की येथेच टाकेन.